लाउबरहॉर्न डाउनहिल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीच्या मध्यात एका शनिवारी संध्याकाळी पाचला मी कुणाचा फोन घेत नाही हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय, पण "नक्की बघतेस काय तू, एक माणूस उतारावरून घसरतोय आणि तुझा चहा गार होतोय" हे दरवर्षी ऐकावं लागतंच. शेवटी फॅमिली ग्रुपवर तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. मी स्वतः स्की करत नाही, फक्त बघते, आणि वेंगनला दोनदा जाऊन आलेय, दोन्ही वेळा उन्हाळ्यात.

लाउबरहॉर्न म्हणजे नक्की काय?

स्वित्झर्लंडच्या बर्न कॅंटनमध्ये वेंगन नावाचं एक छोटं गाव आहे, त्याच्या डोक्यावर लाउबरहॉर्न नावाचं २४७२ मीटरचं शिखर. या शिखराच्या खांद्यावरून निघून गावापर्यंत उतरणारी जी स्कीची रेस आहे तीच लाउबरहॉर्न. १९३० पासून चालू आहे आणि स्कीचा वर्ल्ड कप (हिवाळाभर वेगवेगळ्या ठिकाणी होणारी रेसची मालिका) १९६७ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्यात आहे. त्या पहिल्या सीझनला इथली डाउनहिल फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीने जिंकली होती. रविवारी स्लॅलम (जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत जायची रेस) पण असते आणि अलीकडे सुपर-जी (डाउनहिलसारखीच, पण जास्त वळणांची) पण आणलीय, पण लोक येतात ते शनिवारच्या डाउनहिलसाठी. मी पण इथे तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे.

डाउनहिलमध्ये करायचं काय असतं?

वरून निघायचं, गेटांच्या, म्हणजे उतारावर रोवलेल्या झेंड्यांच्या जोड्यांच्या, मधून जायचं, सगळ्यात कमी वेळात खाली पोचायचं. एका वेळी एकच जण, आणि एकच रन. क्रिकेटसारखी दुसरी इनिंग वगैरे काही नाही, चुकलं की संपलं. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात.

किती लांब आहे? किती वेळ लागतो?

पूर्ण कोर्स जवळपास साडेचार किलोमीटर, वर्ल्ड कपमधला सगळ्यात लांब. स्टार्ट २३१५ मीटरवर आणि फिनिश १२८७ वर, म्हणजे १०२८ मीटरचा उतार फक्त अडीच मिनिटांत. वाऱ्यामुळे किंवा बर्फामुळे कधी कधी स्टार्ट खाली आणतात, मग अर्थातच वेळ कमी लागतो आणि जुने लोक कुरकुर करतात की ही काय खरी लाउबरहॉर्न नाही. मी पण करते.

अडीच मिनिटं म्हणजे काहीच नाही की! त्यात दमायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. एक करा, आत्ता उठा, भिंतीला पाठ न टेकता खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवा आणि तसेच थांबा. एका मिनिटात मांड्या थरथरायला लागतील. आता असं समजा की त्याच पोझमध्ये तुम्ही शंभर-सव्वाशेच्या स्पीडने चाललाय, खाली बर्फ कसला, पाणी मारून मारून काचेसारखा कडक केलेला थर आहे, पायाला २१८ सेंटीमीटरच्या फळ्या बांधल्यात आणि प्रत्येक वळणावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतोय. बाकीच्या डाउनहिल साधारण दोन मिनिटांच्या आत-बाहेर संपतात. इथे दोन मिनिटं झाली की अजून अर्धं मिनिट उरलेलं असतं, आणि सगळ्यात चिवट वळणं नेमकी त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातच ठेवलेली आहेत. कोर्स आखणाऱ्याने मुद्दाम केलं असं नाही, डोंगरच तसा आहे.

कोर्स नक्की कुठून कुठून जातो?

सुरुवात सोपी वाटते. पहिलं अर्धं मिनिट मोकळा उतार, समोर आयगर, म्योन्श, युंगफ्राउ हे तीन डोंगर उभे, माणूस फक्त घसरत असतो. ज्यांच्या स्कीला मेण चांगलं लागलंय आणि ज्यांना अंग चोरून बसता येतं ते इथे पुढे जातात. मध्ये एक उडी आहे, रुसी जंप, ती १९७२ चा ऑलिम्पिक चॅम्पियन बेर्नहार्ड रुसीच्या नावाची. याने पुढे जगभरचे डाउनहिल कोर्स आखले.

मग येतो हुंड्सखोप्फ. लोक हुंड-शॉप्फ म्हणतात पण ते स्विस जर्मन आहे, हुंड म्हणजे कुत्रा आणि खोप्फ म्हणजे डोकं, कुत्र्याचं डोकं, ख घशातून. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला जाळी, मधल्या चिंचोळ्या फटीतून उडी मारायची आणि उडताना पलीकडचं काहीच दिसत नाही. टीव्हीवर रेसची जाहिरात बघितली असेल तर हाच शॉट बघितला असेल. उडी फार लांब नसते, पण पलीकडची जमीन पायाखालून एकदम निघूनच जाते, उतार इथे सगळ्यात तीव्र. आणि उतरल्या उतरल्या लगेच मिंशकांटे, म्हणजे मिंशची कड. योस मिंश हा स्विस रेसर १९६५ मध्ये इथे पडला आणि कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. कडेला त्याचं नाव लागलं ते कायमचं.

पुढे कॅनेडियन कॉर्नर. सत्तरच्या दशकात कॅनडाची पोरं यायची, अंगावर येईल तसं स्की करायची, त्यांना क्रेझी कॅनक्स म्हणायचे. १९७६ मध्ये त्यातले डेव्ह अर्विन आणि केन रीड दोघेही या वळणावर पडले. झालं, नाव पडलं.

त्यानंतर आल्पवेग नावाचा अरुंद रस्ता आणि मग केर्नेन-एस. हे वळण बघताना मला श्वास घ्यायचं भान राहत नाही. शंभरच्या वर स्पीडने आलेला माणूस इथे एकदम ब्रेक लावतो, एक डावं-उजवं करत छोट्या पुलासारख्या जागेवरून जातो, दोन्ही बाजूंना जाळ्या इतक्या जवळ की हात लावता येईल. आधी याला ब्रुग्ली-एस म्हणायचे. १९९७ मध्ये स्विस रेसर ब्रुनो केर्नेन इथे असा काही उलटापालटा झाला की विचारू नका, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सेस्त्रिएरला जाऊन डाउनहिलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला! २००३ मध्ये त्याने लाउबरहॉर्न पण जिंकली, म्हणजे ज्या वळणाला त्याच्या पडण्यामुळे त्याचं नाव होतं त्याच वळणावरून जाऊन जिंकली.

केर्नेन-एसचा खरा त्रास पुढे कळतो. कारण त्याच्यानंतर लांबच लांब जवळपास सपाट भाग आहे, वासरस्टेशन आणि लांगेनट्रेयेन, आणि तिथे जोर लावायला काही नसतं. वळणातून जेवढा स्पीड घेऊन बाहेर पडाल तेवढाच पुढे अर्धा मिनिट वापरायचा. वळणात किंचित घसरलात तर वरकरणी काहीच होत नाही, माणूस उभाच असतो, पण पडद्यावरच्या घड्याळात हिरव्याचा (पुढे आहे) लाल (मागे पडला) आकडा होतो.

मग हानेगशुस, सरळसोट उतार, इथे सगळ्यात जास्त स्पीड. मग झिल्बरहॉर्न जंप, त्याच्या मागे कॅमेऱ्यात झिल्बरहॉर्नचं पांढरंशुभ्र टोक बरोब्बर येतं, २००३ मध्ये ही उडी केली ती टीव्हीसाठीच असं माझं मत. याच खालच्या भागात ऑस्टररायखरलोख आहे, मराठीत सांगायचं तर ऑस्ट्रियावाल्यांचा खड्डा. १९५४ मध्ये टोनी सायलरसकट ऑस्ट्रियाचे मोठमोठे खेळाडू एकामागोमाग एक इथे आपटले आणि स्विस लोकांनी ते नकाशात कोरून ठेवलं. शेजाऱ्यांचा असा खवचटपणा आपल्यालाही समजण्यासारखा आहे.

आणि शेवटी त्सील-एस, फिनिशच्या आधीचं नागमोडी वळण. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

म्हणजे जिंकलेल्यांची नावं नाहीत, पडलेल्यांचीच?

जवळपास हो. आणि मला या कोर्सचं सगळ्यात आवडतं ते हेच. एखाद्या घाटातल्या वळणाला कसं "इथे अमक्याची गाडी गेली होती" म्हणून ओळखतात, तसं. कार्ल मोलिटर, वेंगनचाच पोरगा, याने १९३९ ते १९४७ मध्ये डाउनहिल सहा वेळा जिंकली. त्याच्या नावाचं वळण मला तरी नकाशात सापडलं नाही, मिंशचं मात्र आहे.

ट्रेनच्या खालून स्की करत जातात हे खरं आहे का?

खरं आहे. वेंगनला जाणारी दातेरी चाकांची रेल्वे, वेंगर्नआल्पबान, १८९३ ची आहे. तिचा रूळ कोर्सला आडवा येतो, तिथे खाली छोटा बोगदा आहे आणि रेसर त्यातून सूऽऽ करून जातात. त्या जागेचं नाव वासरस्टेशन, कारण वाफेच्या इंजिनांना इथे पाणी भरायचे. वरून ट्रेन आणि खालून रेसर असा फोटो मिळावा म्हणून फोटोग्राफर तासन्‌तास थंडीत उभे असतात.

रेस सुरू कोणी केली?

एर्न्स्ट गेर्ट्श, वेंगनचाच माणूस. त्या काळी तिकडे ब्रिटिशांचा भरणा, १९२५ मध्ये त्यांनी वेंगनला डाउनहिल ओन्ली नावाचा क्लब काढला होता. नावातच सगळं आलं, वर जायचं ते ट्रेनने, चढायचे कष्ट नाहीत, फक्त खाली! गावातली पोरं त्यांना स्की शिकवायची. १९३० ची पहिली डाउनहिल क्रिस्टियान रूबी या स्विस माणसाने जिंकली, त्यामुळे यजमानांची अब्रू राहिली. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूचा अख्खा युरोप पेटला होता तरी इथे रेस होत राहिली, साहजिकच बहुतेक स्विस लोकांचीच. मोलिटरच्या सहा विजयांपैकी बरेच त्या वर्षांतले आहेत, म्हणून काही लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडत, डोंगर तोच होता.

सगळ्यात जास्त स्पीड किती गेलाय?

१६१.९ किलोमीटर ताशी. १९ जानेवारी २०१३, फ्रान्सचा योहान क्लारे, हानेगशुसवर. वर्ल्ड कप डाउनहिलमध्ये १६० च्या वर गेलेला तो पहिला. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गाडीला १०० ची मर्यादा आहे, आणि गाडीला निदान दरवाजे असतात. गंमत म्हणजे त्या दिवशी तो जिंकला नाही, जिंकला इटलीचा क्रिस्तोफ इनरहोफर. हाच क्लारे २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं रौप्य घेऊन गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी.

मग रेकॉर्ड कोणाच्या नावावर?

क्रिस्टियान गेदिना, इटली, १९९७, २ मिनिटं २४.२३ सेकंद. इतकी वर्षं झाली, स्की सुधारल्या, सूट सुधारले, तरी मोडलेला नाही. कारण साधं आहे, नंतर कोर्समध्ये गेट अशी लावायला लागले की वळणं जास्त घ्यावी लागतात, उड्याही बदलल्या. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या वेळांची तुलना करून कोण मोठा ते ठरवू नका, त्याला अर्थ नाही. एकाच दिवशी एकाच बर्फावर कोण किती पुढे ते बघायचं. त्या हिशोबाने १९७५ चा ऑस्ट्रियाचा फ्रांट्स क्लामर, दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेकंदांनी पुढे! ज्या खेळात शंभराव्या भागावर पदकं जातात त्यात साडेतीन सेकंद म्हणजे बाकीचे अजून डोंगरावर होते म्हणा ना.

कोणकोण वारंवार जिंकलंय?

मोलिटर झाला. खड्ड्यात पडलेला टोनी सायलर पुढच्याच वर्षी परत आला आणि १९५५ ते १९५८ लागोपाठ चार वेळा जिंकला, हा खरा बदला. क्लामर १९७५, ७६, ७७. बेआट फॉइत्स २०१२, २०१८, २०२०, हा जवळच्याच एमेंटालचा, बुटका, गोल चेहऱ्याचा, बघून वाटणार नाही की हा असा उतरेल. अमेरिकेचा बोडी मिलर २००७ आणि २००८, त्यातला २००७ चा विजय म्हणजे फिनिश लाइन ओलांडताना साहेब चक्क बसकण मारून घसरत गेले, पाय संपले होते, पण वेळ झाली ती झाली. आणि आताचा राजा म्हणजे मार्को ओडरमाट. २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन डाउनहिल, २०२५ मध्ये परत.

कधीच न जिंकलेल्यांमध्ये दिदिए क्यूश. ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलची डाउनहिल पाच वेळा जिंकणारा स्विस माणूस, आणि घरच्या डोंगरावर एकदाही नाही. मला अजून वाईट वाटतं.

किट्झब्युल जास्त डेंजर ना?

तिथल्या कोर्सचं नाव श्ट्राइफ. ती ३.३ किलोमीटर, वरून उडी मारल्या मारल्या अंगावर येते, रेकॉर्ड १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा. श्ट्राइफ पहिल्या वीस सेकंदांत घाबरवते, लाउबरहॉर्न शेवटच्या वीस सेकंदांत. यावर वाद घालायचा असेल तर फोन करा, शनिवार सोडून.

इथे कोणाचा जीव गेलाय का?

हो. १८ जानेवारी १९९१. गेर्नोट राइनश्टाडलर, ऑस्ट्रियाचा, वय वीस. रेस नव्हती, पात्रतेचा सराव होता. त्सील-एसमध्ये, म्हणजे फिनिश समोर दिसत असताना, तोल गेला, जाळीकडे फेकला गेला आणि स्की जाळीत अडकली. शरीर पुढे आणि पाय मागे. इंटरलाकेनच्या हॉस्पिटलमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्या वर्षीची रेस झालीच नाही. जी जाळी वाचवायला लावली होती तिनेच पाय धरून ठेवला, ही गोष्ट सगळ्यांना हादरवून गेली आणि त्यानंतर जाळ्या कशा असाव्यात, स्की त्यात घुसू नये म्हणून काय करायचं, फिनिशचा भाग कसा असावा, सगळं बदललं गेलं. त्या सरावाचं फुटेज नेटवर आहे. बघू नका.

किल्डेला काय झालं होतं?

अलेक्झांडर ऑमुट किल्डे, नॉर्वेचा, इथे २०२२ आणि २०२३ मध्ये डाउनहिल जिंकलेला. १३ जानेवारी २०२४ ला परत तेच त्सील-एस. पाय संपलेले दिसत होते, वळण हातातून सुटलं आणि तो जाळीत गेला. खांदा निखळला, स्वतःच्याच स्कीच्या धारेने पोटरी खोल कापली गेली, हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. मी लाइव्ह बघत होते, आई शेजारी बसली होती, ती उठून आत गेली. त्या आठवड्यात ११, १२, १३ अशा लागोपाठ तीन दिवस तीन स्पीड रेस (डाउनहिल आणि सुपर-जी) ठेवल्या होत्या, कारण इतर ठिकाणी रद्द झालेल्या रेसची भरपाई करायची होती. आदल्या दिवशी सुपर-जीमध्ये फ्रान्सचा अलेक्सी पँतुरो पडून गुडघ्याला मोठी दुखापत करून बसला होता. माझं स्पष्ट मत आहे की वर्ल्ड कपमधल्या सगळ्यात लांब कोर्सवर तीन दिवसांत तीन रेस लावणं हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि खेळाडूंपैकीही बऱ्याच जणांनी तेच सुनावलं. पुढच्या सीझनपासून सूटच्या आत एअरबॅग सक्तीची केली. किल्डे जवळपास दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, रेसला परत उभा राहिला.

सराव न करता रेसमध्ये उतरता येतं का?

नाही, डाउनहिलच्या आधी निदान एक ट्रेनिंग रन पाहिजेच, नियम आहे. पण २०२२ ला ऑस्ट्रियाचा व्हिन्सेंट क्रीखमायर कोरोनाच्या क्वारंटाइनमुळे उशिरा पोचला, ट्रेनिंग बुडालं. मग तोडगा असा निघाला की त्याने स्टार्ट गेटमधून बाहेर पडायचं आणि थोडं पुढे जाऊन थांबायचं, झालं ट्रेनिंग! स्विस लोक भयंकर चिडले. आणि शनिवारी जिंकला कोण? क्रीखमायरच. नियमाचं पोट असं भरता येतं हे बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

रेस कधी रद्द होते का?

होते की. १९९१ चं सांगितलंच. २०१७ ला बर्फ आणि हवामानाने डाउनहिल गेली. २०२१ ला कोरोना, गावात एका पर्यटकापासून साथ पसरली आणि रेस होऊ शकली नाही. त्याच्या आधी २०२० मध्ये पैशावरून आयोजक आणि स्विस स्की फेडरेशन यांचं इतकं वाजलं होतं की वेंगन कॅलेंडरमधून जाणार अशीच बातमी होती, मग थोड्या दिवसांत मिटलं.

बायकांची रेस असते का?

वेंगनला वर्ल्ड कपची फक्त पुरुषांची. मलाही पटत नाही.

आम्ही टूरबरोबर युंगफ्राउला जाऊन आलो, म्हणजे आम्ही हा कोर्स बघितला का?

बहुतेक बघितला आणि कळलं नाही! युंगफ्राउयोख, ३४५४ मीटर, जिथे आपली अर्धी टूर फोटो काढते आणि वर बॉलिवूड नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथून उतरताना क्लाइन शायडेगला गाडी बदलून लाउटरब्रुनेनच्या बाजूला गेला असाल तर तुमची ट्रेन वासरस्टेशनवरूनच गेलीय. ग्रिंडेलवाल्डच्या बाजूने रोपवेने गेला-आला असाल तर मात्र हुकलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे आयगरच्या बाजूच्या खिडक्यांना चिकटले होते, मी पण, आणि नंतर हॉटेलवर नकाशा बघून कपाळावर हात मारला. उन्हाळ्यात तिथे नुसतं गवत असतं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई चरत असतात, आणि हुंड्सखोप्फचा खडक अगदीच साधा दिसतो, कुणी दाखवला नाही तर ढुंकून बघणार नाही.

प्रत्यक्ष रेस बघायला जायचं तर?

वेंगनमध्ये गाड्या चालत नाहीत, रस्ताच नाही, सगळं ट्रेनने. तेराशे-चौदाशे वस्तीच्या गावात त्या एका शनिवारी तीस हजारांवर माणसं येतात, त्यामुळे गावात खोली मिळायची आशा सोडा, इंटरलाकेनला राहा आणि पहाटेची ट्रेन पकडा. रेसच्या आधी स्विस हवाईदलाची विमानं दरीत कसरती करतात, ते लोकांना रेसइतकंच आवडतं. गरम कपडे दुप्पट घ्या, तुम्ही चार-पाच तास एका जागी उभे राहणार आहात.

आपण स्वतः तिथे स्की करू शकतो का?

रेसचा आठवडा सोडला तर बराचसा उतार सामान्य स्कीअरसाठी उघडा असतो. नीट येत असेल तरच. ते लोक अडीच मिनिटांत उतरतात, सुट्टीला आलेला माणूस मध्ये थांबत, कॉफी पीत, अर्धा-पाऊण तास सहज घेईल.

टीव्हीवर बघताना नेमकं काय बघू?

वरचा आकडा हिरवा-लाल होतो तो सगळेच बघतात. तुम्ही केर्नेन-एसमधून बाहेर पडताना स्कीच्या मागे बर्फाचा फवारा किती उडतो ते बघा, जास्त उडाला की स्पीड गेला. आणि दोन मिनिटं झाल्यावर आकडा सोडून द्या, गुडघे बघा. दोन्ही गुडघे एकमेकांपासून लांब जायला लागले, पार्श्वभाग खाली बसायला लागला, की समजा पाय संपले, आणि त्सील-एस अजून यायचंय.